गच्चीवर पोहणारे कमांडो

बालाघाटला जाऊन आले असं सांगितलं की सांगलीतली माणसं आधी विचारतात, "कुठला घाट?" घाटबिट काही नाही. मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या काठी वसलेलं जिल्ह्याचं गाव आहे ते. तिथं माझी मुलगी मनीषा दिली आहे. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मी तिच्या घरी कधी दोन दिवसांवर राहिले नव्हते. मुलीच्या सासरी आईनं पाहुण्यासारखं जावं आणि चहा संपायच्या आत निघावं, असं आमच्याकडे मानतात. पण या दिवाळीनंतर व्याह्यांचं पत्र आलं. चांगलं टंकलिखित, वर जावक क्रमांक टाकलेलं. विषय: जलतरण तज्ज्ञ म्हणून आठ दिवस मार्गदर्शन करणेबाबत.

आता तज्ज्ञ म्हणजे काय, तर मी सांगलीत बत्तीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलं. आधी विहिरीत, मग कृष्णेत, शेवटी टाकीत. पाठीला डबा बांधून ढकललेली माझी कितीतरी पोरं आज बाप झाली आहेत. आणि ज्यांना मार्गदर्शन करायचं होतं ते होते कमांडो. म्हणजे व्हायचे होते. मी बॅग भरली.

स्टेशनवरची पहिली मोहीम

गोंदियाला गाडी बदलून बालाघाटला उतरले तेव्हा फलाटावर व्याही उभे होते. मधुकरराव. छत्तीस वर्षं सरकारी कार्यालयात काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना बडे बाबू म्हणतं. सफारी सूट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. मागे ठिपक्याठिपक्यांचे हिरवे टीशर्ट घातलेले दोन तरुण. त्यांनी मला कडक सलाम ठोकला, बॅग उचलली आणि वाऱ्यासारखे पसार झाले.

मी म्हटलं, "व्याहीबुवा, पोरं चपळ आहेत हो."

"ट्रेनिंग हाये न जी," ते खूश होऊन म्हणाले.

एवढ्यात मागून एक बाई ओरडत धावत आल्या. कमांडोंनी त्यांची बॅग पळवली होती. माझी माझ्या पायाशीच होती.

निवृत्त झाल्यावर माणूस देवळाकडे वळतो, नाहीतर गुलाबाच्या कुंड्यांकडे. आमचे व्याही कमांडोंकडे वळले. घरावर पाटी आहे, 'तेंदुआ कमांडो मार्गदर्शन केंद्र'. पाटीवर बिबट्याही काढलेला आहे, पण रंगाऱ्यानं त्याला इतका गोड चेहरा दिला आहे की त्याला दूध पाजावंसं वाटतं. केंद्रात वीस-बावीस तरुण आहेत. कुणी भातगिरणीवाल्याचा, कुणी ऑटोवाल्याचा, कुणी खाणकामगाराचा.

मधुकररावांनी कार्यालयात जे केलं तेच ते इथं करतात. हजेरीचं रजिस्टर वेगळं, जोर-बैठकांचं वेगळं, धावण्याचं वेगळं. गुप्त मोहिमेची सूचना तीन दिवस आधी फलकावर लागते. त्या मोहिमेला ओळख पटू नये म्हणून तोंडाला काजळी फासायची, आणि छातीवर नावाची पट्टी लावायची. मौनाच्या सरावात कुणाला बोलायचंच असेल तर त्यानं लेखी अर्ज द्यावा. झाडीत दबा धरण्याचा सराव माझ्या विहीणबाईंच्या वांग्यांच्या वाफ्यात होतो, आणि शत्रूपेक्षा विहीणबाईंचा धाक जास्त असल्यामुळे पोरं खरंच हलत नाहीत.

गच्चीवरचा समुद्र

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला पोहे आणि त्यांच्यावरच जिलबी. आमच्याकडे पोह्यांवर शेव पडते, फार तर ओलं खोबरं. मी जिलबी बाजूला काढायला लागले तर विहीणबाईंनी इतक्या काळजीनं पाहिलं की मी दोन्ही एकत्र तोंडात घातलं. वाईट लागत नाही, हे कबूल करते. जेवणातला चिन्नोर तांदूळ तर असा की वरण घालायचं राहून जातं. मात्र भाकरी मागितली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, माझं पोट बिघडलं.

मग मी विचारलं, "टाकी कुठाय?"

"वर चला," मधुकरराव म्हणाले.

गच्चीवर मंडपवाल्याकडून आणलेले लाकडी बाक ओळीनं मांडलेले, खाली निळी ताडपत्री. बाकांवर वीस तरुण पालथे पडून हातपाय हलवत होते. शिट्टी झाली की श्वास घ्यायचा. एक जण मगानं प्रत्येकाच्या तोंडावर पाणी मारत फिरत होता. त्या लाटा. मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडाला लावला. मधुकररावांना वाटलं मी भारावले.

"पाण्यात उतरून काय होते? सर्दी होते, न तास वाया जाते," ते म्हणाले. "आधी कागदावर पक्कं कराव. हे पाहा." त्यांनी रजिस्टर उघडलं. नाव, प्रकार, तास, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात सुंदर अक्षरात 'पोहणे: पूर्ण', खाली सही.

एक पोरगा बाकावरून मान वर करून म्हणाला, "मॅडम, सांस कब लेना है, शिट्टी से पहले या बाद में?" मी म्हटलं, "बाळा, नाक पाण्याबाहेर असेल तेव्हा घे." त्यानं ते मनात टिपून घेतलं. तिथं मराठी घरातली पोरंही हिंदी जास्त बोलतात, मराठी आजीशी बोलायला ठेवलेली.

हसत हसत मी ओळीच्या शेवटच्या बाकापाशी आले आणि हसू थांबलं. तिथला तरुण बाकीच्यांपेक्षा मोठा, पंचविशीचा, अंगानं ओतीव. तोंडावर मगभर पाणी पडलं तसा त्यानं बाक दोन्ही हातांनी असा धरला की नखं पांढरी झाली. बत्तीस वर्षं मी तसले हात पाहिले आहेत.

हा प्रवीण. भरवेलीचा. इथं कमांडो होण्याच्या खरोखर जवळ पोचलेला एकटाच. बाकीच्यांना अजून सैन्यात भरती व्हायचं होतं, हा तिथं चार वर्षं जवान आहे. कमांडो व्हायला थेट भरती नसतेच. आधी सैन्यात जायचं, तिथं आपण होऊन नाव द्यायचं, मग काही महिने निवड चालते आणि बहुतेकांना परत धाडतात. हे मला प्रवीणनंच सांगितलं, केंद्राच्या फलकावर नव्हतं. त्यानं नाव दिलं होतं, ते मंजूर झालं होतं, आणि रजा संपली की थेट निवडीला जायचं होतं. रजेचे नऊ दिवस उरले होते.

जिन्यात त्याला गाठून मी विचारलं, "पोहता येतं का रे तुला?"

तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, "रजिस्टरले तर येते, काकू."

भरवेली

त्यानं मला मोटारसायकलवरून घरी नेलं. भरवेली मँगनीजच्या खाणीचं गाव. रस्त्याची धूळ काळपट, कामगारांच्या वसाहतीत सारखी घरं, पाळी सुटली की सायकलींची रांग. प्रवीणचे वडील खाणीत. आई मायाबाईंनी दारातच माझे पाय धरले, मी त्यांना उठवलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली गणवेशातला प्रवीण. मला पाट दिला आणि समोर पाटवडीचा रस्सा ठेवला. इतका तिखट की बोलायचं तेच विसरले.

मग ते मायाबाईच बोलल्या. प्रवीण आठ वर्षांचा असताना जुन्या खाणीच्या पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पडला होता. कुणीतरी केस धरून वर काढलं. "तवापासून शपथ घातली मी त्याले. पाण्याजवळ जाशीन त माहं मेलेलं तोंड पाहाशीन. नदीवर लग्नाची वरात गेली तरी हा मांगं राह्यला."

"आणि निवडीत पाण्याचं काय आहे, माहीत आहे का तुम्हांला?" मी विचारलं.

त्यांना माहीत नव्हतं. प्रवीण खाली मान घालून म्हणाला, "हात-पाय बांधून पाण्यात टाकते, आई. शांत राहून वर यावं लागते. गडबडला का परत पाठवते."

"न नाही वर आला तं?"

रस्सा गार झाला.

परत येताना मी चिडले होते. "हे तू बडे बाबूंना का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू, काकू? माह्या भरतीच्या टायमाले दहावीच्या कागदावर एक नाव, जातीच्या दाखल्यावर दुसरं. सगळे म्हणत, अगल्या साल या. बडे बाबू तीन दिवस माह्यासोबत हापिसात बसले, जेवले नाही. त्याईनं कागद नीट केले म्हून मी आज जवान हाओ. आता त्याईच्याच रजिस्टरले खोटं म्हणू?"

हे मला ठाऊक नव्हतं. मग कळलं की भरतीतली कितीतरी पोरं धावण्यात पडत नाहीत, कागदात पडतात, आणि कागदात आमच्या व्याह्यांइतका तरबेज पोहणारा जिल्ह्यात दुसरा नाही. अशा माणसावर नुसतं हसून मोकळं होता येत नाही, ही मोठी अडचण झाली.

अर्ज

रात्री मनीषाला सांगितलं तर तिनं हातच जोडले. "आई, तू आठ दिवसांनी जाशील. मला इथं राहायचंय. बाबांना त्यांचं रजिस्टर खोटं आहे असं आजवर कुणी सांगितलेलं नाही."

मुलीची आई म्हणजे वाकून राहणारी. कुणी कितीही नाही म्हणो, आपल्याकडे अजून तसंच आहे. मी रात्रभर तळमळले. मग सकाळी उठून त्यांच्याच भाषेत बोलायचं ठरवलं. कोरा कागद मागितला आणि लिहिलं: विषय, एका उमेदवाराचा प्रत्यक्ष पाण्यात सराव घेण्याची परवानगी मिळणेबाबत.

मधुकररावांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. इतक्या वर्षांत नात्यातल्या कुणी त्यांना पहिल्यांदाच रीतसर अर्ज दिला होता. त्यांनी आवक क्रमांक टाकला, पोच दिली, आणि कागद फाइलीत लावून ठेवला.

"मग कधी जायचं?" मी विचारलं.

"विचाराधीन हाये जी."

दोन दिवस तो अर्ज विचाराधीन होता. टेबल एकच, माणूस एकच, तरी फाइल कुठं फिरत होती देव जाणे. प्रवीणची रजा आता आठवड्याच्याही आत आली. तिसऱ्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "व्याहीबुवा, स्मरणपत्र देऊ का?" त्यांचा घास हातातच राहिला. स्मरणपत्र येणं ही त्यांच्या नोकरीत कधी न घडलेली नामुष्की. हात धुऊन त्यांनी शेरा मारला: 'मंजूर. निरीक्षक म्हणून अधोहस्ताक्षरकर्ता स्वतः हजर राहील.'

लामता

जिल्ह्यातल्याच लामता गावी मधुकररावांच्या जुन्या शिपायाची, झाडूजींची, बोडी आहे. बोडी म्हणजे शेताकडचं लहान तळं. एका बाजूला शिंगाड्याचे वेल पसरलेले, दुसरी बाजू मोकळी, मध्ये गळ्याइतकं पाणी. भोवती धानाची कापणी चाललेली. आम्ही ऑटोनं पोचलो. मी, प्रवीण, रजिस्टर घेतलेले मधुकरराव, आणि न सांगता ऑटोत येऊन बसलेल्या मायाबाई. "शपथ मी घातली, मीच काठावर बसीन," एवढंच त्या म्हणाल्या.

मी सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून पाण्यात उतरले तेव्हा कापणी थांबली. बडे बाबूंच्या विहीणबाई बोडीत उतरल्या ही बातमी त्यांच्या फलकापेक्षा लवकर पसरली. बायका विळे हातात घेऊनच बघायला आल्या. मधुकरराव खुर्चीवर छत्री धरून बसले आणि त्यांनी लिहिलं, 'स. ९.१०, विहीणबाई जलप्रविष्ट.'

पहिल्या दिवशी प्रवीण गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि थरथरला. मी त्याला पोहायला सांगितलंच नाही. पाण्याला भ्यालेला माणूस पाण्याशी मारामारी करतो, आणि त्या मारामारीत पाणी कधी हरत नाही. आधी नुसतं पडून राहायला शिकायचं. दुसऱ्या दिवशी पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधला, तोंड पाण्यात घालायला लावलं. पाच मोजेपर्यंत, मग दहा. दुपारी झाडूजींच्या घरून उकडलेले शिंगाडे आले. सांगलीत आम्ही शिंगाडा उपासाला पिठाच्या रूपातच पाहतो. इथं तो काळा, शिंगांचा, गरम, सोलताना बोटांना टोचणारा. मायाबाई सोलून देत होत्या, लेकाला आणि मला सारखेच.

तिसऱ्या दिवशी मी कॅन सोडला. खाली माझे दोन हात, वर तो उताणा. "आकाश बघ," म्हटलं. चांगला पडून होता. मग नाकात पाणी गेलं असावं. तो एकदम फिरला आणि त्यानं मला मिठी मारली. अशी मिठी काढायची कशी हे मी शेकडो पोरांना शिकवलंय, पण जवानाच्या ताकदीची मिठी मला कधी बसली नव्हती. दोघंही खाली गेलो. तोंडात चिखल. काठावर मायाबाईंची किंकाळी, ती पाण्याखालीही ऐकू आली. मी त्याच्या छातीला गुडघा लावून सुटले आणि वर आले. तोही आला, खोकत, गळ्याइतक्या पाण्यात पाय टेकून.

आणि बघते तर काठाच्या बाजूला, आमच्यापासून चार हातांवर मधुकरराव! सफारी सूट, चष्मा, खिशाला दोन्ही पेनं, छातीपर्यंत पाण्यात. तोंड पांढरं पडलेलं, पाय गाळात रुतले होते, आणि आता त्यांना ना पुढे येता येत होतं ना मागे जाता.

"व्याहीबुवा, पोहता येतं का तुम्हांला?" मी ओरडले.

"नाही जी."

"मग उतरलात कशाला?"

त्यांनी एकदा प्रवीणकडे पाहिलं, एकदा काठावरच्या खुर्चीकडे. "पूर्ण लिवलं हाये न," ते म्हणाले. "खाली सही माही हाये."

मी पाणी पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले. मधुकररावांचा तोल जायला लागला तसा प्रवीण खोकणं विसरून पुढे झाला. त्यानं त्यांना पाठीमागून धरलं, गाळातून उपसून काढलं आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर ठेवून मागे मागे चालत काठाला आणलं. "बाबूजी, अंग सैल सोडा. आकाश पाहा," असं सांगत होता. माझेच शब्द, विदर्भी करून.

त्यांना काठावर बसवून तो वळला. मला वाटलं, आता घरी जायचं म्हणेल. तो परत पाण्यात आला, माझ्या हातांची वाट न बघता मागे रेलला आणि पडून राहिला. कान पाण्यात, हात पसरलेले. मी मोजत होते. शंभराच्या पुढे मोजायचं सोडून दिलं. मायाबाई काठावर उभ्या राहिल्या होत्या, विळेवाल्या बायकांपैकी एकीचा हात घट्ट धरून.

निथळत्या सफारीतच मधुकररावांनी रजिस्टर मागितलं. निळं पेन चालेना, लाल चाललं. मग त्यांनी जे केलं ते छत्तीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं, असं मनीषा सांगते. स्वतःच्या अक्षरातल्या 'पूर्ण' या शब्दावर त्यांनी रेघ मारली, खाडाखोडीपाशी सही केली आणि लिहिलं, 'पाण्यात तरंगतो. पोहणे बाकी.' मग पान उलटलं, आणखी उलटलं. विसाच्या वीस नावांवर रेघा. शेवटी खाली नवा अनुक्रमांक घालून आपलं नाव लिहिलं, वय पासष्ट, शेरा: निरंक.

आठाचे दहा दिवस झाले तरी मी थांबले; रजेचे उरलेले दोन दिवस आम्ही बोडीतच होतो. मी निघाले त्या दिवशी गच्चीवरचे बाक मंडपवाल्याकडे परत चालले होते.

सांगली

प्रवीण गेला. पुढे बरेच आठवडे काही कळलं नाही. इथं टाकीवरच्या पोरांना शिकवताना कुणी बाजूची कड घट्ट धरली की मला तो आठवायचा, आणि हात-पाय बांधलेला डोळ्यांपुढे यायचा.

मग एका संध्याकाळी मधुकररावांचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला वाटलं घरात कुणी आजारी आहे.

"प्रवीणचा फोन आलता," ते म्हणाले. "पाणी झालं म्हणे. शांत राह्यला, वर आला. पुढचं अजून लय बाकी हाये. कुठं हाये, काय करून राह्यला, काही सांगत नाही. सांगता येत नाही म्हणे."

मी चेष्टेनं म्हटलं, "मग काय, आज फलकावर मोठ्या अक्षरात लागलं असेल!"

"नाही लावलं जी," मधुकरराव आणखी हळू म्हणाले. "गुप्त हाये न. फक्त त्याच्या मायले सांगतलं, न तुमाले. रजिस्टरलेही नाही सांगतलं."